सुतळी बॉम्ब फुटला की हे जिन्याखाली

प्रश्न : आमचे हे १९९९ला कारगिलमध्ये होते. आता पेन्शनवर, इंदूरला रामबागेत राहतो. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की भरलं ताट सोडून जिन्याखाली जाऊन बसतात. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ. काय करू?

उत्तर : ताई, मीठमोहरी ओवाळा हवं तर, सासूबाईंचं समाधान होईल, पण हा पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाचा मनात राहिलेला आघात वाटतो, भित्रेपणा नव्हे. धोका टळला तरी मेंदूचा पहारा उठत नाही, म्हणून वर्षांनंतरही असं होतं. त्या वेळी मागून हात लावू नका. समोर येऊन, हळू आवाजात, ‘आपण घरी आहोत’ म्हणा. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं कार्ड काढा, तिच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. गोळ्यांइतकीच समुपदेशनाची बैठक महत्त्वाची. ते ‘मी काय वेडा आहे?’ म्हणतीलच, तोवर तुम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मोफत आहे. आणि झोपेसाठी रात्रीचा पेग चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.