कोकणातल्या घराला नवीन खिडक्या, सरकारकडून काय मिळतं आणि काय नाही

दादा, तुमचा प्रश्न वाचला. गुहागरच्या बाजूला गावच्या घरात आई एकट्या असतात, समुद्राकडच्या चारही खिडक्यांच्या चौकटी कुजल्यात, गज गंजून हातात येतायत, आणि अमेरिकेतला चुलत भाऊ म्हणाला की तिकडे सरकार खिडक्या बदलून देतं, तर आपल्याकडे असं काही आहे का. सरळ सांगते, नुसत्या खिडक्यांसाठी सरकारी योजना आपल्याकडे नाही. पण मदत अजिबातच मिळत नाही असंही नाही. ती दोन वाटांनी येते, एक घरकुलाची आणि दुसरी आपत्तीची, आणि दोन्हीकडे खिडकी बघायच्या आधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघतात. तिथेच आपल्या कोकणातली निम्मी माणसं अडकतात.

भावाचं खोटं नाहीये. तिकडे १९७६ पासून कमी उत्पन्नवाल्यांची घरं थंडीवाऱ्यापासून बंदिस्त करून द्यायची योजना आहे, त्यात घराची तपासणी करतात आणि खर्च परवडतोय असं दिसलं तर खिडक्याही बदलतात. शिवाय ग्रामीण भागातल्या गरीब घरमालकांना दुरुस्तीसाठी ४० हजार डॉलरपर्यंत १ टक्का व्याजाने कर्ज मिळतं, आणि ज्यांचं वय ६२ किंवा त्याहून जास्त आहे नि कर्ज फेडायची ऐपत नाही त्यांना १० हजार डॉलरपर्यंत अनुदान, जे परत द्यायचं नसतं. टॅक्समध्येही खिडक्यांवर ६०० डॉलरपर्यंत सूट होती, ती २०२५ च्या शेवटी बंद झाली. पण तिकडे घर गरम ठेवायला पैसे जळतात म्हणून खिडकी हा इंधन वाचवायचा विषय आहे. आपल्याकडे सरकारच्या लेखी घर एक तर आहे किंवा नाही. असलेलं घर हळूहळू कुजतंय याला आपल्या कागदावर रकानाच नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण खाऱ्या वाऱ्याने दहा वर्षांत जे होतं ते वादळाने एका दुपारी होतं एवढाच फरक आहे.

आता घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, २०१६ ला इंदिरा आवासच्या जागी आली ती. त्यात आपल्या भागात १ लाख २० हजार मिळतात, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली त्यातले १५ हजार सोलरसाठी. पण हे सगळं नवीन घर बांधायला, कमीत कमी २५ चौरस मीटरचं. दुरुस्तीला त्यातून पैसा नाही. आणि पक्कं घर असेल तर नावच बसत नाही. पक्कं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण कोकणातल्या घरांचा घोटाळा इथेच होतो. हाताने केलेली नळीची कौलं असतील तर छप्पर कच्चं धरतात, यंत्राने केलेली मंगलोरी कौलं असली की पक्कं. भिंतीचं पण तसंच, दगड नुसते रचलेले किंवा मातीची भिंत असेल तर कच्ची, चुन्यात नाहीतर सिमेंटमध्ये बसवलेला चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, असेल तर पक्की. तुम्ही लिहिलंत की घर चिऱ्याचं, सिमेंटने सांधलेलं, वर मंगलोरी कौलं. म्हणजे आईंचं घर पक्कं, मग खिडक्या कितीही सडलेल्या असोत. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजना अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा त्या त्या समाजासाठी आहेत, पण पक्कं घर नसणं ही अट तिथेही आहेच. तुमच्या वाडीत कोणी कातकरी कुटुंब असेल तर त्यांना मात्र नक्की सांगा, जनमन योजनेत त्यांना घरासाठी २ लाख मिळतात आणि कित्येकांपर्यंत ही गोष्ट पोचलेलीच नसते.

दुसरी वाट आपत्तीची, आणि इथे मी स्वतः होरपळलेय म्हणून सविस्तर लिहिते.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. रायगडच्या किनाऱ्यावर दुपारी आत शिरलं पण आमच्या रत्नागिरीच्या उत्तर भागाचीही वाताहत करून गेलं. आमच्या पश्चिमेच्या तीन खिडक्या, सासऱ्यांच्या वडलांनी बसवलेल्या फणसाच्या चौकटी, त्यातली एक चौकटीसकट माजघरात येऊन पडली आणि मग तिथनं वारा आत शिरून आतून कौलं उचलली. हे लक्षात ठेवा, खिडकी गेली की वारा छपराला खालनं धक्का देतो आणि मग छप्पर राहत नाही, म्हणून खिडकी ही काही शोभेची गोष्ट नाही, किनाऱ्यावर तर नाहीच. वीज कित्येक दिवस नव्हती, फोन मेलेला, लॉकडाऊन चालू. आम्ही काय केलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या फुटक्या फळ्या, काचा, गज गोळा करून परसात ढीग केला आणि खिडक्यांना ताडपत्री नि नारळाचे झाप बांधले. घरात म्हातारं माणूस, पाऊस तोंडावर, दुसरं करणार काय. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांना वर उघडं छप्पर दिसलं, खिडकीला झाप बांधलेला दिसला, त्यांनी लिहिलं "कौलांचे नुकसान". खिडक्यांचा शब्द नाही. मी पण त्या गडबडीत कागद न वाचता सही केली. नंतर नुकसानीची टक्केवारी ठरली ती त्याच एका ओळीवर, आणि कार्यालयात विचारायला गेले तर पंचनामा बदलता येत नाही एवढंच उत्तर मिळालं.

टक्केवारीला एवढं महत्त्व का तर सगळे पैसे त्यावर चालतात. केंद्राचे २०२२ ते २०२६ चे निकष असे की पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि पक्क्या घराचं अंशतः नुकसान, कमीत कमी १५ टक्के, असेल तर ६,५००, कच्च्याला ४,०००. निसर्गच्या वेळी राज्याने स्वतःची भर घालून १५ टक्क्यांच्या नुकसानीला १५ हजार आणि पूर्ण पडलेल्याला दीड लाख केले होते, पण ते त्या वादळापुरतं, दर वेळी तसंच होईल असं धरून चालू नका. आता ६,५०० मध्ये एक धड खिडकी पण होत नाही हे मलाही कळतं. तरी १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर शून्य, म्हणून खिडकी, चौकट, गज, दार, कौलं, वासे, रिपा, एकेक मोजून कागदावर आलं पाहिजे. आणि हे वादळालाच लागू आहे असं नाही, अतिवृष्टीलाही आहे, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस तुमच्या महसूल मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, आपल्याकडे जुलैमध्ये तो आकडा गाठायला कितीसा वेळ लागतो. फक्त कुजलेलं म्हणजे आपत्ती नाही. जुनी कुजट चौकट वाऱ्याने पडली तर "आधीच खराब होती" असं ऐकावं लागतं, मीही ऐकलंय.

म्हणून पावसाळ्याच्या आधी, मेमध्ये, घराच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक खिडकीचा आतून एक बाहेरून एक, तारखेसकट. नुकसान झालं की हात लावायच्या आधी परत तस्सेच काढा. आई एकट्या आहेत तर शेजारच्या कुठल्या पोराला आत्ताच सांगून ठेवा. मग ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, दोघांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. नुसता फोन केला तर त्याचा पुरावा राहत नाही. पंचनामा समोर वाचायला सांगा, खिडक्या किती गेल्या ते संख्येत लिहायला लावा, मगच सही. भांडायचं नाही हो, ती माणसं पण दिवसाला पन्नास घरं फिरत असतात, शांतपणे सांगितलं की लिहितात.

आता नावाचं. निसर्गनंतर आमच्याकडे तेवढे पैसे पण लगेच मिळाले नाहीत कारण घरपट्टी चुलत सासऱ्यांच्या नावाने, ते जाऊन अकरा वर्षं झालेली, बाकी भाऊबंद डोंबिवली नि विरारला. पैसा थेट खात्यात येतो, आधार जोडलेल्या, आणि मेलेल्या माणसाच्या खात्यात येऊन काय उपयोग. संमतीपत्रं गोळा करायला लॉकडाऊनमध्ये कसे दिवस काढले ते माझं मला माहीत. तेव्हापासून मी वाडीत प्रत्येकाच्या मागे लागते की बाबांनो, नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीचा, उतारा काढून बघा, घर नक्की कोणाच्या नावावर आहे. तुमच्याकडे वडलांच्या नावावर असेल, बहुतेक असतंच. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची संमती एवढं लागतं, ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. सातबाऱ्यावरची वारसनोंद वेगळी, ती तलाठ्याकडे, एक झाली म्हणजे दुसरी झाली असं नाही. ड्रोनने मोजणी करून घराच्या मालकीची सनद देतात ती स्वामित्व योजना मुख्यतः गावठाणातल्या घरांसाठी, आपल्याकडे घरं वाड्यावाड्यांनी सातबाऱ्याच्या जमिनीत पसरलेली, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. भाऊबंदांना संमतीसाठी विचाराल तेव्हा आधीच स्पष्ट सांगा की घरपट्टीला नाव लावल्याने जमिनीचा हिस्सा कोणाचा जात नाही. बहुतेक भांडणं या एका गैरसमजावर होतात, आमचंही झालं, आणि ते मिटायला दोन गणपती गेले.

बाकी लहान लहान वाटा आहेत. आई किंवा घरात कोणी दिव्यांग असेल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ग्रामसभेत अर्ज ठेवा. मागासवर्गीय असाल तर जिल्हा परिषदेच्या २० टक्के सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या राखीव पैशातून, यावर्षी काय घेतलंय ते पंचायत समितीत समाजकल्याणच्या टेबलावर विचारा, दरवर्षी यादी बदलते. वडील फौजेत होते का? मग आईंनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यावं. तुम्ही नोकरीत आहात तर पीएफमधून घराच्या कामासाठी पैसे काढता येतात, ते तुमचेच पैसे पण व्याज लागत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर त्याच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत टॅक्समध्ये वजावट आहे, राहत्या घराला फक्त जुन्या करपद्धतीत, आणि कर्ज घेतलेल्याचा घरावर हक्क पाहिजे, म्हणजे परत नावाशीच आलो. आणि एक, सरकारी मदत नाही पण सांगायला हवं, भारत गृह रक्षा म्हणून घराचा विमा आहे, २०२१ पासून घरांचा विमा करणाऱ्या सगळ्या कंपन्यांना तो ठेवावा लागतो, वादळ आणि पूर दोन्ही त्यात येतं. आईंचं घर पक्कं असल्याने घरकुलात बसत नाही पण या विम्यात बसतं.

व्हॉट्सअपवर "खिडकी दरवाजा अनुदान, आधार नंबर टाका" असली लिंक आली तर उघडू पण नका, आईंनाही सांगा. वर सांगितलेल्या अर्जांसाठी कोणी एजंट लागत नाही. ओटीपी मागणारा माणूस सरकारचा नसतो.

हे सगळं होईपर्यंत पाऊस थांबणार नाही, तेव्हा खिडक्यांचंही थोडं लिहिते. चारही एकदम करू नका, नैऋत्येची आधी, झड तिकडनंच येते. चौकट लाकडाचीच पाहिजे असा हट्ट नसेल तर खालचा उंबरा कडप्प्याचा करा, पाणी साचतं ते तिथेच आणि कुजायला सुरुवातही तिथूनच होते. साधे लोखंडी गज किनाऱ्यावर टिकत नाहीत, स्टीलचे घेतलेत तर ३१६ नंबरचं मागा, ३०४ ला समुद्राजवळ डाग धरतात. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी स्वस्त पडते पण तिच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं आहेत का ते बसवतानाच बघा, नाहीतर झडीचं पाणी पट्टीत भरून आत जमिनीवर येतं. आणि सगळ्यात आधी वरचा छज्जा किंवा पत्र्याची पडवी दोन फूट पुढे काढा, आमच्या चौथ्या खिडकीची चौकट सत्तर वर्षांची आहे आणि अजून धड आहे, कारण ती पडवीच्या आत आहे.

मेमध्ये गावी याल तेव्हा पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा घ्या आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते मला कळवा. वारसनोंदीच्या अर्जाचा आणि संमतीपत्राचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, आमच्या वाडीतल्या सहा घरांचं काम त्यावरच झालं, तुमची नावं घालून देते.