भारतातली सायकॉलॉजीची एम.ए. आहे, कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायला किती वर्षं लागतील?

साधारण पाच वर्षं धरून चाला, कारण बहुतेक वेळा मास्टर्स इथे पुन्हा करावं लागतं. मी स्वतः याच वाटेवर आहे, सध्या असोसिएट म्हणून, म्हणजे लायसन्स मिळण्याआधी देखरेखीखाली काम करत, तास भरतेय. इथली डिग्री 60 सेमिस्टर युनिट्सची असते आणि त्यातच प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखाली खऱ्या क्लायंटसोबतचं काम, सक्तीचं असतं. आपल्याकडच्या एम.ए.त नेमकं तेच कमी पडतं. तरीही आधी मार्कशीटचं अधिकृत मूल्यमापन करून घ्याच.

खरा कस पुढे लागतो: देखरेखीखालच्या कामाचे 3,000 तास, किमान 104 आठवडे. त्यातले 1,750 तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यांतले 500 जोडपी, कुटुंबं किंवा मुलांसोबतचे हवेत. हे 500 जमवणं सगळ्यात अवघड, कारण नवरा-बायको दोघं एकाच वेळी येऊन बसणं सोपं नसतं. नोकरी घेतानाच जोडपी किती येतात ते विचारा. तासांच्या तक्त्यावर सुपरव्हायझरची सही दर आठवड्याला घ्या. सहा वर्षांपेक्षा जुने तास सहसा धरत नाहीत. परीक्षा दोन: कायदा-नीतिमत्तेची असोसिएट असतानाच, आणि तास पूर्ण झाल्यावर क्लिनिकल.

हे सगळं फक्त कॅलिफोर्नियापुरतं. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे.