स्पॅनिश गायिका पालोमा सान बासिलिओ यांना गायिका म्हणावे की रंगभूमीवरची अभिनेत्री? त्यांचे काम ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आपण 'हुंतोस' हे त्यांचे गाणे ऐकून हा प्रश्न विचारला आहे, आणि बहुतेकांची ओळख तिथूनच होते. माझे मत आधीच सांगून टाकतो. नाव त्यांना गाण्यांनी दिले, परंतु स्पेनच्या कलाजीवनात त्यांचे जे स्थान आहे ते रंगभूमीमुळे आहे. आणि त्यांची उत्तम गाणी ऐकतानाही आपण एखाद्या पात्राचे बोलणे ऐकत आहोत असे वाटत राहते. त्यांचे प्रयोग मी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणीवरची जुनी चित्रणे यांच्या आधाराने मी लिहीत आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

त्यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1950 रोजी माद्रिदमध्ये झाला. 'सोंब्रास' हा त्यांचा पहिला गीतसंग्रह 1975 साली आला. त्या काळात स्पेनमध्ये दूरचित्रवाणी पूर्णपणे सरकारी होती, त्यामुळे पडद्यावर वरचेवर दिसणारा चेहरा थोड्याच अवधीत देशभर ओळखीचा होत असे. सान बासिलिओ यांचेही तसेच झाले. उंच बांधा, नेटके राहणीमान, स्वच्छ उच्चार आणि कोठेही न चिरकणारा आवाज एवढ्या भांडवलावर त्यांना प्रेमगीते गाणारी एक प्रतिष्ठित गायिका म्हणून आयुष्य सुखाने काढता आले असते. 1980 साली त्यांनी स्वीकारलेल्या भूमिकेने मात्र सगळा रागरंग बदलला.

त्या भूमिकेकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी हवी. स्पेनमध्ये गाणाऱ्या नटांची परंपरा जुनी आहे. 'सारसुएला' हा तिथला नाट्यप्रकार गद्य संवाद आणि गाणी आलटून पालटून मांडतो, आणि संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्याची रचना फारशी परकी वाटणार नाही. त्याच्या जोडीला झगमगाटी पोशाखांची आणि चावट विनोदांची 'रेव्हिस्ता' होती. पण लंडन आणि न्यूयॉर्क येथे घडलेले आधुनिक संगीतनाट्य स्पेनमध्ये उशिरा रुजले. गायक कामिलो सेस्तो यांनी स्वतःचा पैसा घालून 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'ची स्पॅनिश आवृत्ती माद्रिदमध्ये उभी केली आणि 6 नोव्हेंबर 1975 रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 नोव्हेंबरला, हुकूमशहा फ्रँको यांचे निधन झाले. म्हणजे देशाची राजवट आणि रंगभूमीची अभिरुची एकाच सुमारास कूस बदलत होत्या.

23 डिसेंबर 1980 रोजी माद्रिदच्या आतोचा रस्त्यावरील मोनुमेंताल नाट्यगृहात 'एविटा'चा, म्हणजे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या पत्नी एवा पेरोन यांच्या जीवनावरील संगीतनाटकाचा, पडदा उघडला. दिग्दर्शन हाइमे अस्पिलिकुएता यांचे होते. एवा पेरोन यांच्या भूमिकेत पालोमा सान बासिलिओ आणि 'चे' या निवेदकाच्या भूमिकेत गायक-गीतकार पाची आंदिओन होते. लंडनमध्ये 1978 साली आणि ब्रॉडवेवर 1979 साली गाजलेले हे नाटक इथे स्पॅनिशमध्ये, म्हणजे खुद्द एवा पेरोन ज्या भाषेत बोलत त्या भाषेत, सादर झाले. माद्रिदच्या प्रेक्षकाला ही बाई काही पुस्तकातून कळलेली नव्हती. 1947 साली ती स्पेनच्या दौऱ्यावर आली तेव्हा फ्रँको यांनी तिला मानचिन्ह दिले होते आणि राजवाड्यासमोरचा चौक माणसांनी फुलून गेला होता. अर्जेंटिनाच्या गव्हाची उपासमारीने गांजलेल्या स्पेनला तेव्हा फार गरज होती. पुढे पदच्युत झालेले हुआन पेरोन अनेक वर्षे माद्रिदमध्येच राहिले, आणि 1971 ते 1974 या काळात एवा पेरोन यांचे जतन केलेले शवही त्याच शहरातल्या त्यांच्या घरी होते. ज्या शहराने ही व्यक्ती जिवंतपणी पाहिली आणि मृत्यूनंतरही जवळ ठेवली, तिथे तिची भूमिका करणे म्हणजे जोखीमच होती.

ही भूमिका गळ्याच्या दृष्टीनेही कसोटी पाहणारी आहे. नाटकात सुटा संवाद जवळजवळ नाही. जे काही घडते ते गाण्यातूनच. पंधरा वर्षांची खेड्यातली मुलगी ते तेहतिसाव्या वर्षी कर्करोगाने मरण पावलेली राष्ट्राध्यक्षांची पत्नी हा सारा प्रवास एकाच अभिनेत्रीला करावा लागतो, आणि पहिल्या अंकातल्या वरच्या पट्टीतल्या जागा छातीच्या आवाजात घ्याव्या लागतात. म्हणूनच अनेक निर्मिती संस्था आठवड्यातले काही प्रयोग दुसऱ्या अभिनेत्रीकडे सोपवतात. सान बासिलिओ तेव्हा नुकत्याच तिशीत आल्या होत्या. म्हणजे एवाच्या अखेरच्या वयाच्या त्या जवळ होत्या, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना ते जाणवते: पहिल्या अंकातली पोरसवदा महत्त्वाकांक्षा त्या थोडी दुरून दाखवतात, पण दुसऱ्या अंकात सत्तेची सवय झालेली बाई मात्र पूर्ण पटते.

त्यातले बाल्कनीचे गाणे ('डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना') सर्वांना ठाऊक असते. ते ऐकण्यापूर्वी पहिल्या अंकाच्या आरंभी 'चे' जे गाणे म्हणतो ते अवश्य ऐकावे, कारण दोन्ही गाण्यांची चाल एकच आहे. 'चे' ती जलद लयीत, अंत्ययात्रेच्या थाटाची टर उडवत गातो. एवा तीच चाल संथ करून, हात पसरून, जनतेला आर्जव करण्यासाठी वापरते. आंदिओन यांचा खरबरीत, गल्लीबोळात घोटलेला आवाज आणि सान बासिलिओ यांचा घासूनपुसून लख्ख केलेला आवाज एकाच चालीवर असे लागोपाठ आले की नाटकाचा सगळा वाद कानांनीच कळतो. ही बाई खरे बोलते आहे की नाटक करते आहे? सान बासिलिओ याचे उत्तर देत नाहीत. गाण्याची सुरुवात त्या जवळजवळ बोलल्यासारखी करतात, प्रत्येक शब्दाचा शेवट नीट पुरा करतात, आणि वाद्यवृंद फुगत जातो तसतसा आवाज वाढवण्याऐवजी सरळ ठेवतात. काहींना त्यात कोरडेपणा वाटतो. मला ती भूमिकेची समज वाटते, कारण भाषण करणारा पुढारी स्वतः रडत नाही, समोरच्याला रडवतो.

'हुंतोस' हे गाणे त्यानंतरच्या वर्षी, 1981 मध्ये आले आणि स्पेनइतकेच लॅटिन अमेरिकेतही लोकप्रिय झाले. दोन माणसांच्या साध्या सहवासाचे ते गाणे आहे, आणि त्याविषयी फार लिहावे असे त्यात काही नाही. ऐकायला गोड आहे, एवढे पुरे. 1985 साली स्पेनने त्यांना स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी पाठवले. 'ला फिएस्ता तेर्मिनो' हे नात्याच्या शेवटावरचे गाणे हुआन कार्लोस काल्देरोन यांनी रचले होते. 1973 साली 'एरेस तू'ने स्पेनला याच स्पर्धेत दुसरे स्थान मिळवून देणारे संगीतकार ते हेच. या वेळी मात्र 36 गुण आणि एकोणीस देशांत चौदावा क्रमांक पदरी पडला. नॉर्वेच्या दोन गायिकांचे उडत्या चालीचे गाणे जिंकले. घरी नावारूपाला आलेल्या कलाकाराने अशा स्पर्धेत उतरावे का, हा प्रश्न आहेच. गाणे मात्र स्पर्धेच्या निकालापेक्षा पुष्कळ वरचे आहे, आणि त्याची बांधणी एखाद्या नाटकातल्या प्रवेशासारखी आहे. तीन मिनिटांत अनोळखी देशांच्या पंचांना भुरळ घालायला ती बहुधा अडचणीचीच ठरली असावी.

1991 साली ऑपेरा गायक प्लासिदो दोमिंगो यांच्यासोबतच्या मैफलीचा 'पोर फिन हुंतोस' हा संग्रह निघाला. दोमिंगो यांचे आईवडील सारसुएलाचे गायक होते आणि मेक्सिकोत त्यांची स्वतःची मंडळी होती, तेव्हा ही जोडी वरवर वाटते तितकी विजोड नाही. तरीही ऑपेराचा आवाज आणि ध्वनिक्षेपकाच्या सवयीचा आवाज एकत्र गाताना कोणाला तरी आवरते घ्यावे लागते, आणि ते इथेही कळते.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत धाडसी काम 1997 सालचे 'एल ओम्ब्रे दे ला मांचा' हे आहे. थेर्व्हान्तेस यांच्या 'दोन किखोते' या कादंबरीवर अमेरिकेत बेतलेले हे नाटक 1965 साली न्यूयॉर्कला आले, आणि दुसऱ्याच वर्षी नाती मिस्त्राल यांच्या प्रमुख भूमिकेसह ते माद्रिदला पोहोचले होते. तीन दशकांनंतर ग्रान व्हिया रस्त्यावरच्या लोपे दे व्हेगा नाट्यगृहात ते पुन्हा उभे राहिले. किखोते झाले चित्रपट-नाट्य अभिनेते होसे साक्रिस्तान आणि आल्दोन्सा झाल्या सान बासिलिओ. आल्दोन्सा ही खानावळीत राबणारी, खेचरवाल्यांच्या शिव्या आणि धक्के खाणारी बाई. किखोते तिला दुल्सिनेआ म्हणून हाक मारतो आणि ती आधी चिडते. दोन दशके ज्यांच्याकडे 'बाईसाहेब' म्हणून पाहिले गेले त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही भूमिका घ्यावी, यातच त्यांची स्वतःविषयीची नजर दिसते. आपण कोठल्या उकिरड्यावर जन्मलो हे ती किखोतेला ओरडून सांगते, त्या गाण्यात सान बासिलिओ पहिल्यांदाच आवाज मुद्दाम खराब होऊ देतात. इतर ठिकाणी त्यांचा नेटकेपणा कधीकधी मला जाचतो. इथे तो फाटतो आणि त्या फाटण्यालाच अर्थ येतो. साक्रिस्तान गायक कमी आणि नट अधिक आहेत, त्यामुळे गाण्याचा बराचसा भार सान बासिलिओ यांच्यावर आला, आणि तो त्यांनी पेललाही.

2001 साली हीच जोडी 'माय फेअर लेडी'त आली, पुन्हा अस्पिलिकुएता यांच्या दिग्दर्शनाखाली. मराठी वाचकाला कथा सांगायला नकोच, कारण शॉ यांच्या ज्या 'पिग्मॅलियन'वर ते आधारलेले आहे त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले आणि भक्ती बर्वे यांनी ते गाजवले. सान बासिलिओ तेव्हा पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या आणि शॉ यांची फुलवाली विशीच्या आतबाहेरची आहे. रंगमंचावर हे अंतर खपून जाते, पण ध्वनिमुद्रणात पहिल्या अर्ध्या भागातली रांगडी मुलगी थोडी बेतीव वाटते. भाषा सुधारल्यानंतरची, प्राध्यापकाला सुनावणारी एलिझा मात्र त्यांच्या हातची होती.

पुढे 2005 साली 'व्हिक्टर ओ व्हिक्टोरिया'मध्ये फ्रान्सिस्को बायादारेस यांच्याबरोबर त्यांनी पुरुषवेषात गाणाऱ्या स्त्रीची भूमिका केली. 2010 नंतरच्या दशकात निरोपाचा दौराही झाला, पण निरोप घेऊन त्या घरी बसल्या नाहीत. 2017 च्या अखेरीस तेनेरिफे येथे 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये त्या नॉर्मा डेस्मंड झाल्या, म्हणजे विसरल्या गेलेल्या मूकपटांच्या तारकेची भूमिका त्यांनी सदुसष्टाव्या वर्षी केली. तिथेही दिग्दर्शक अस्पिलिकुएताच होते. सदतीस वर्षांच्या अंतराने तोच दिग्दर्शक आणि तीच अभिनेत्री, हे नाटकवाल्यांच्या जगात सहसा पाहायला मिळत नाही.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. 'हुंतोस' आपण ऐकलेच आहे, तेव्हा त्या वळणाची आणखी प्रेमगीते लगेच शोधू नयेत. सलग ऐकली तर ती एकमेकांत मिसळतात. 'एविटा'चे माद्रिदचे ध्वनिमुद्रण आधी घ्यावे, आणि सुटी गाणी न निवडता 'चे'च्या पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावे. स्पॅनिश येत नसेल तर प्रत्येक गाण्याचा प्रसंग आधी दोन ओळींत वाचून घ्यावा. उच्चार इतके सुटे आहेत की तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात शब्द ओळखू येऊ लागतात. त्यानंतर 'ला मांचा'मधले आल्दोन्साचे गाणे ऐकावे आणि मग युरोव्हिजनचे चित्रण पाहावे. 'माय फेअर लेडी' सवडीने ऐकले तरी चालेल. प्लासिदो दोमिंगो यांच्यासोबतचा संग्रह मी स्वतः फार वेळा लावत नाही.