बाल्कनीतल्या कुंड्यांत मायकोरायझा पावडर टाकावी का? ही बुरशी मुळांना खाणार नाही ना?

खात नाही, उलट भरवते. मुंबईत बुरशी म्हटलं की पावसाळ्यातल्या भिंती आणि कपाटातले बूट आठवतात, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे, पण ही जातच वेगळी.

झाडाला लागणारा फॉस्फरस मातीत जवळपास जागचा हलत नाही. मुळाच्या अवतीभवतीचा संपला की मूळ उपाशी, मग बोटभर लांब कितीही पडलेला असो. ह्या बुरशीचे धागे मुळांवरच्या केसांपेक्षाही बारीक, ते मातीच्या फटीफटीत घुसतात आणि लांबून फॉस्फरस, जस्त, थोडा नायट्रोजन आणून देतात. बदल्यात झाड पानांत बनवलेल्या अन्नातलं साधारण ४ ते २० टक्के तिला देतं, साखर तर देतंच पण फॅटसुद्धा देतं कारण हिला स्वतःचं फॅटी ॲसिड बनवता येत नाही (हे तर २०१७ मध्ये पक्कं कळलं!).

बीएस्सीला असताना मुळं केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) उकळून, ट्रायपॅन ब्लूने रंगवून मी स्लाइड बघितलीय. मुळाच्या एकेका पेशीत निळं इवलंसं झुडूप, फांदीला फांदी फुटलेली. त्याला आरबस्क्यूल म्हणतात, मुख्य देवाणघेवाण तिथेच चालते. आणि ते टिकतं जेमतेम काही दिवस, मग झाडच ते मोडून टाकतं आणि दुसऱ्या पेशीत नवीन तयार होतं. इतकं सुंदर काही मी त्या लॅबमध्ये दुसरं पाहिलं नाही.

आता पावडर. रिपॉटिंग करताना थेट मुळांना लागेल अशी टाका, नुसती वरून भुरभुरवू नका, जिवंत मूळ मिळालं नाही तर ही वाढतच नाही. नुसतं कोकोपीट असेल तर फायदा जास्त. मिरची, टोमॅटो, लिंबू, मोगरा ह्यांना जरूर द्या, पण पालक, मुळा, मोहरी, कोबी ह्यांच्यावर पैसे घालवू नका, त्यांच्या मुळांशी हिचं जमत नाही. आणि डीएपी, म्हणजे ते फॉस्फरसवालं खत, आवरा प्लीज. झाड फॉस्फरससाठी भुकेलं असलं की मुळांतून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडून बुरशीला बोलावतं, खतातून भरपूर मिळालं की बोलवणंच कमी करतं, मग पावडर वाया.

कुंडीत वर पांढरं कापसासारखं दिसतं ती ही नव्हे, ही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते बघून घाबरून कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) ओतू नका, त्याचा फटका हिलाही बसतो.