वाचकांचे प्रश्न : नावेतील दिव्याचा लपंडाव

प्रश्न : गोसीखुर्द जलाशयात मासेमारीला आम्ही इंजिनाची छोटी नाव वापरतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवरील दिवा आणि पाणी उपसायचा पंप चालत्या नावेत मधूनच एकदम बंद पडतात. काठावर मिस्त्रीला दाखवले की सारे सुरळीत. बॅटरी बदलूनही फरक नाही. काय करावे?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : दोन्ही एकदम बंद पडतात, त्या अर्थी दोष त्यांच्या सामाईक मार्गात, म्हणजे बॅटरीची टोके, मुख्य फ्यूज किंवा ऋण तारेच्या जोडात असावा, बॅटरीचा खर्च बहुधा वायाच गेला. दिवा बंद ठेवून मीटर लावला असेल, तर त्यावरचे 12.6 व्होल्ट फसवे आहेत, कारण तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण दाब दाखवतो. म्हणून दिवा व पंप चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे दिव्याच्या ऋण तारेवर धरावे आणि सोबत्याला तार हातभर अंतराने हलवत जायला सांगावे; एरवी 0.3 व्होल्टच्या आत राहणारा आकडा जिथे उसळेल, तिथेच दोष आहे असे समजावे. मग धन बाजू, फ्यूजसह, तशीच तपासावी.

तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड (आपल्याकडचा लाडका उपाय!) दिसल्यास टेप सोडावी; आत बहुधा हिरवट भुकटी सापडेल. काळवंडलेले तांबे कापून दाबून बसवायचा जोड घालावा. त्याआधी तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ वाऱ्याने जाऊ द्यावी आणि मगच बॅटरीची ऋण तार काढावी.