नवरा सैन्यात असताना पोलीस भरती करावी का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 26, बारावी झालेली, दीड वर्षाची मुलगी, पती सैन्यात शिपाई आणि सध्या फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. पोलीस भरतीची इच्छा लग्नाआधीपासूनची. सासरचे विचारतात, "दोघांनी वर्दी घातली तर घर कुणी बघायचं?" आणि पती म्हणतात, "पीसला, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा छावणीत, बदली झाली की तुला घेऊन जाईन, मग त्या नोकरीचं काय करशील?"

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा पोलीस दलात महिला हवालदार आहे. माझे मिस्टर सैन्यात होते, आता पेन्शनवर आले आहेत. मला विचाराल तर भरती करा. पण फॉर्म भरायच्या आधी दोघांनी बसून एकच गोष्ट पक्की करा: मिस्टर पेन्शनवर येईपर्यंत तुमच्या घराचा पत्ता कोणता. बाकीचे बहुतेक प्रश्न त्या एका उत्तरावर सुटतात किंवा अडतात.

त्यांची नोकरी फिरती. दोन-तीन वर्षं फील्ड, मग पीस, पुन्हा फील्ड. तुमची नोकरी मात्र जिल्ह्याची. पोलीस शिपाई ज्या घटकात, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, भरती होतो, साधारणपणे त्याच घटकात त्याची सेवा जाते. ते जालंधरला गेले म्हणून तुम्हाला पंजाब पोलिसात बदली मिळणार नाही. पुणे, देवळाली, अहिल्यानगर किंवा कामठी मिळालं तर जवळ आले म्हणायचं, पण त्या भरवशावर संसार आखू नका. त्यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहण्याचं स्वप्न तुमच्या मनात असेल, तर पोलीस झाल्यावर ते बहुतेक सोडावं लागेल. हे मनाला लागतं. आमच्या ओळखीच्या कुटुंबांचे क्वार्टरमधले फोटो बघून मी रडलेली आहे. म्हणून हा विषय निवड झाल्यावर नको, आत्ताच बोला.

मग एवढं सोडून नोकरी का करायची? मिस्टरांच्या सेवेचा हिशोब मांडून बघा. अठरा-वीसव्या वर्षी भरती झालेला जवान शिपाई म्हणूनच राहिला, तर चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज चालू असतं, आणि धडधाकट माणूस पुन्हा नोकरी शोधत असतो. पोलिसात निवृत्ती 58 व्या वर्षी. म्हणजे ते पेन्शनवर येतील तेव्हा तुमची नोकरी ऐन भरात असेल, आणि त्यांना हाताला येईल ती सिक्युरिटीची नोकरी धरावी लागणार नाही. माजी सैनिकांना राज्याच्या भरतीत 15 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यातून पोलिसात आलेले किती तरी जण आमच्या दलात आहेत, त्यासाठी शांतपणे अभ्यास करायला घरात एक पगार चालू लागतो. आमच्या घरी आज मी रात्रपाळीला गेले की मुलांजवळ ते असतात. फार वर्षं वाट पाहून मिळालेलं सुख आहे ते, आणि मला त्याची किंमत आहे.

आता कोणतं पद. अनेक मुली "शिपाई कशाला, थेट पीएसआयच व्हायचं" म्हणतात. जवानाची बायको म्हणून यात एक फरक नीट समजून घ्या. आपल्या पोलीस कायद्यात शिपाई ते सहायक फौजदार यांचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षांचा धरला आहे, आणि बदली झाली तरी बहुधा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. पीएसआयला, म्हणजे उपनिरीक्षकाला, ठाण्यात दोन वर्षं, जिल्ह्यात चार वर्षं, मग दुसरा जिल्हा. नवराही फिरता, बायकोही फिरती, तर मुलीची शाळा कुठे? सीआयएसएफ, सीआरपीएफ या केंद्रीय दलांचंही तेच, तिथे तर देशभर. तुमच्या घडीला मी शिपाई पदच सुचवेन. मुलगी मोठी झाली, वय शिल्लक असलं, की नोकरीत राहून पीएसआयसाठी एमपीएससी देता येते. देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

शिपाई पदासाठी एका उमेदवाराला एकाच घटकाचा अर्ज करता येतो, त्यामुळे जिल्हा फार विचार करून निवडा. जागा जास्त निघाल्या म्हणून मुंबईचा फॉर्म भरायचा आणि नंतर आंतरजिल्हा बदली करून घ्यायची, असा सल्ला तुम्हाला अकॅडमीत मिळेल. ती बदली मिळायला वर्षं जातात, दोन्ही घटकांची संमती लागते, आणि मिळाली तरी सेवाज्येष्ठता जाऊन तुम्ही नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाला लागता. मुलीला रात्री कुशीत घेऊन झोपणारं माणूस ज्या जिल्ह्यात आहे, तोच जिल्हा भरा. ते माणूस सासू असो की आई. माहेरचा जिल्हा भरायची वेळ आली तर सासरच्यांना वाईट वाटेल, तरी बोला.

सासरचे विचारतात तो प्रश्न योग्यच आहे, त्यावर रागावू नका. फक्त त्याचं उत्तर एकट्या तुम्ही द्यायचं नाही. पहिली परीक्षा ट्रेनिंगचीच येते. नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात राहायचं, मध्ये सुट्ट्या मोजक्या. तुमची मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची असेल. ते नऊ महिने तिला कोण सांभाळणार, त्यातल्या कोणत्या दिवसांत मिस्टर वार्षिक सुट्टी घेऊन घरी येणार, हे ठरवा. ती रात्री उठून तुम्हाला शोधेल. त्यासाठी मन घट्ट करावं लागतं, आणि सांभाळणाऱ्या बाईचे पाय धरावेसे वाटतात.

ट्रेनिंगनंतर बहुधा आधी मुख्यालय, मग ठाणं. 2022 च्या सुरुवातीला महासंचालक कार्यालयाने महिला अंमलदारांना बारा तासांऐवजी आठ तासांची ड्युटी देण्याचे निर्देश काढले. चांगलं पाऊल होतं. पण ते किती पाळलं जाईल हे ठाण्यातल्या मनुष्यबळावर आणि प्रभारी अधिकाऱ्यांवर असतं, आणि बंदोबस्त लागला की तास मोजायचे नसतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात घरची परिस्थिती प्रभारींना स्पष्ट सांगा आणि ड्युटी लावणाऱ्या हजेरी अंमलदारालाही सांगून ठेवा. मला एका ठाण्यात "नवरा मिलिटरीत म्हणजे तुला वेगळा कायदा आहे का" असं भर हजेरीत ऐकवलं गेलं. वेगळा कायदा नाहीच. पण मूल आजारी असताना लागोपाठच्या रात्रपाळ्या बदलून मागणं ही सवलतीची भीक नाही. ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी अर्ज करून ओआरला (ऑर्डरली रूम, म्हणजे अडचण मांडायला वरिष्ठांपुढे हजर होणं) वरिष्ठांसमोर उभं राहायचं. मी राहिले आणि पाळी बदलून मिळाली.

सुट्टीचं गणित मात्र तुम्हा दोघांनाच बसवायचं आहे. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ सुट्टी असते, मिळते ती युनिटच्या सोयीने. त्यांना साहजिकच गणपतीला, गावच्या यात्रेला घरी यायचं असतं. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत सुट्ट्या बंद! ते दारात उभे आणि आपण विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, असं आमच्याकडे झालं आहे. त्यामुळे गणपती, नवरात्र, वारीच्या मार्गावरचं ठाणं असेल तर आषाढी, आणि निवडणुका हे दिवस सोडून त्यांनी सुट्टी मागायची. आपल्याला किरकोळ रजा वर्षाला 20, त्या शक्यतो त्यांच्या येण्यासाठी राखून ठेवायच्या. राज्याची 180 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. ती लहानसहान कारणांना संपवू नका, दहावी-बारावीलाही लागते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. असे दिवस येतात की ते रेंज नसलेल्या पोस्टवर आणि तुम्ही बंदोबस्तात, फोन दोघांचेही बंद. मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, सुट्टीवर आलेले जवान रातोरात परत निघाले, तेव्हा आमच्या दलातल्या दोन-तीन जणी त्यांना स्टेशनवर सोडून थेट हजेरीला आल्या होत्या. अशा वेळी घरात काही घडलं तर कुणाला कळवायचं? घरातल्या एका शहाण्या माणसाकडे त्यांच्या युनिटचा नंबर, त्यांचा आर्मी नंबर आणि तुमच्या ठाण्याचा नंबर कागदावर लिहून द्या. लग्नाची आणि मुलीची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या रेकॉर्डमधली नोंद) झाली आहे ना, ते विचारून घ्या. आणि दोघांचे वर्दीतले फोटो, ते कुठे आहेत, कधी येणार, यातलं काहीही सोशल मीडियावर टाकू नका. हौस असते, मला कळतं, पण नकोच.

कागदपत्रांत विवाहित मुली नावामुळे अडकतात. बारावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आत्ताच काढा, गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्या. जातीचा दाखला वडिलांकडून चालतो, आणि नॉन-क्रिमीलेअरलाही आईवडिलांची परिस्थिती बघतात, पतीचा पगार नाही. सेवेत असलेल्या जवानाच्या पत्नीला भरतीत वेगळं आरक्षण नाही. महिलांचं 30 टक्के समांतर आरक्षण आहे तेच तुमचं.

उंची 155 सेंमी भरते ना, ते मोजून घ्या. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं: 800 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. निम्मे गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि लेखीला एका जागेमागे दहाच जणी बोलावतात. म्हणून निम्म्यावर समाधान मानू नका. 800 मीटरला पैकीच्या पैकी हवे असतील तर पावणेतीन मिनिटांच्या आसपास यावं लागतं. बाळंतपणानंतर एकदम पळायला लागू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा, महिनाभर नुसतं भरभर चाला, मग धावणं वाढवा. पोट आणि कंबर भरून आली की गोळाही लांब जातो. पहाटे मुलगी झोपेत असताना एक तास मिळाला तरी पुरतो, फक्त त्या तासाला तिच्याजवळ कुणी झोपायचं ते आजच सासूबाईंशी बोला. नंतर रात्रपाळ्यांना त्यांचीच साथ लागणार आहे, त्याची सवय दोघींना इथूनच होईल.

खुल्या प्रवर्गातून असाल तर वयोमर्यादा 28, मागास प्रवर्गातून 33. पहिल्यात असाल तर तुमच्या हातात फार तर एक-दोन भरत्या आहेत. जाहिरात निघायची वाट बघू नका, मिस्टरांचा पुढचा फोन येईल तेव्हाच पत्त्याचं बोलून घ्या.