पगारपत्रकाचं काम सुरू करतोस? आधी हे वाच

भाऊ, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ हे नंतर विचार. आधी गिऱ्हाईक कोण ते बघ. आपल्याकडे जिनिंग (कापसातून सरकी काढायचे कारखाने), दालमिल, राईस मिल आणि शाळा-दवाखाने. जिनिंगवाल्याचं काम दिवाळीनंतर धो धो येतं अन् उन्हाळ्यात आटतं, म्हणून बारमाही पगार देणारे दोन-तीन तरी धर.

मालक म्हणेल, "माणसं एकोणीसच आहेत." हजेरीपट स्वतः मोज. वीस झाले की पीएफ लागतो, अन् ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज, वरून दंड. पैसे मालकाचे, पण शिव्या तुलाच.

खरी डोकेदुखी नावांची. आधारवर 'नामदेव', बँकेत 'नामदेवराव', जन्मतारीख सगळ्यांची १ जानेवारी! यूएएन, म्हणजे मजुराचा पीएफचा कायमचा नंबर, तिथंच अडकतो. म्हणून कामावर घ्यायच्या दिवशीच आधार अन् पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव. मजूर एकदा गावी गेला की फोन लागत नाही.

व्यवसाय कर दहा हजारांवर पगार असला तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. बायांना २५ हजारांपर्यंत माफ. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीतही २००च कापले. फरक खिशातून भरला, चूक माझीच होती ना बाप्पा.

तुझी फी माणसामागं ठरव, महिन्याचे पैसे महिन्यालाच घे. "कापूस विकला की देतो" हे मालकाकडून ऐकून घेऊ नको, तो शेतकऱ्याचा हक्क आहे.